नोकरी सर्वांत शेवटी परतते

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि काही महिन्यांतच त्याची झळ इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक वसाहतीला लागली. कारण मालवाहतूक मंदावली की ट्रकची विक्री घटते, आणि मग सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतली रात्रपाळी आधी बंद होते. राजेंद्रनगरात आमच्या शेजारच्या काकू तेव्हा तिथल्या कामगारांना डबे देत असत. रात्रपाळी थांबली तशी त्यांच्या ओट्यावरची डब्यांची रांग निम्म्यावर आली, पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंना त्यांनी जड मनाने "सध्या येऊ नका" असे सांगितले, आणि त्या बाईंची वाण्याकडची उधारी तुंबली. एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असल्याने सगळ्यांनी एकदम हात आखडला की सगळ्यांचीच मिळकत घटते.

अशा वेळी सरकारने प्रसंगी कर्ज काढून खर्च करावा, असे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये साधार मांडले. सरकारने दिलेल्या १०० रुपयांतले ८० रुपये पुढे खर्च झाले, त्यातले पुन्हा ६४, असे चालत राहिले तर एकूण उत्पन्न ५०० रुपयांनी वाढते; मात्र कर, बचत आणि आयात यांतून पैसा गळत जाऊन दर वेळी निम्माच पुढे सरकला, तर ही वाढ २०० रुपयांवरच थांबते. मूळ खर्चाच्या किती पट उत्पन्न वाढते, त्या आकड्याला गुणक म्हणतात. म्हणूनच किती कोटी जाहीर झाले यापेक्षा पैसा कोणाच्या हाती आणि किती लवकर पडला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात बांधबंदिस्तीच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर मिळालेली मजुरी बहुतेक धान्यावरच खर्च होत असे, म्हणजे ती लगेच पुढे सरकत असे.

भारत सरकारने डिसेंबर २००८ मध्ये बहुतेक वस्तूंवरचे उत्पादन शुल्क ४ टक्के-बिंदूंनी उतरवले आणि जानेवारी २००९ मध्ये नव्या व्यापारी वाहनांवर ५० टक्के घसारा (करपात्र उत्पन्नातून वजा होणारा वाहनाच्या किमतीचा भाग) मान्य करून शहर बससेवेसाठी बस खरेदी करायला राज्यांना मदत देऊ केली. पीथमपूरच्या दृष्टीने हे नेमके औषध होते.

तरीही रोजगार लगेच वाढत नाही. मागणी परतली तरी ती टिकेल याची खात्री मालकाला नसते. तो आधी आहे त्याच माणसांना ओव्हरटाइम देतो, मग कंत्राटी माणसे घेतो आणि कायम भरती सर्वांत शेवटी करतो. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये सरकारी खर्च आणि करकपातीचा ७८७ अब्ज डॉलरचा कायदा झाला, जूनमध्ये मंदी संपली, पण बेरोजगारी ऑक्टोबरमध्ये १० टक्क्यांवर पोचली. हा दर ८ टक्क्यांच्या आत राहील, असे येऊ घातलेल्या सरकारच्या अर्थतज्ज्ञांनी जानेवारीत सांगितले असल्याने खर्च वाया गेल्याची टीका झाली. मला ती घाईची वाटते, कारण घसरण किती खोल आहे हे तो अंदाज बांधताना पुरते कळलेलेच नव्हते.

आपल्याकडे तर बेकारी आकड्यांत पुरती उतरतही नाही, कारण गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही. पोळ्यांच्या त्या बाई मधल्या काळात कोपऱ्यावर भाजी विकत होत्या, म्हणजे पाहणीत त्या रोजगारातच मोजल्या गेल्या असत्या. पीथमपूरची रात्रपाळी सुरू झाली, डबे हळूहळू वाढले. काकूंनी त्या बाईंना परत बोलावले, ते त्यानंतरही कितीतरी महिन्यांनी.