दंडावरची खूण: देवीची की बीसीजीची?

परवा भाचीचं दीड महिन्याचं बाळ घरी आलं होतं, अंगडं बदलताना वहिनीने पाहिलं तर डाव्या दंडावर मुगाएवढी पुळी, मधोमध पिवळट पू. वहिनी घाबरली, एक मावशी हळद कालवायला निघाली आणि आजी म्हणाली, "अगं काही नाही, देवी काढल्यात ना त्याच्या, उठणारच." मग सगळ्यांनी बाह्या वर करून आपापल्या खुणा दाखवल्या. आजीच्या हातावर कोपराखाली नाण्याएवढे दोन चट्टे, माझ्या दंडावर मसुरीच्या डाळीएवढा एकच ठिपका, आणि आईकडे दोन्ही!

आजीचा अंदाज बरोबर होता, पुळी उठणारच होती, पण ती देवीची, म्हणजे स्मॉलपॉक्सची लस नव्हती. बाळाला दिली ती बीसीजी, क्षयाची म्हणजे टीबीची लस. आजीच्या पिढीत टोचणं म्हणजे "देवी काढणं" आणि टोचायला येणारा तो "देवी डॉक्टर", त्यामुळे दंडावरची कुठलीही खूण देवीचीच असं आपल्या घराघरात बसलंय. पण या दोन खुणांच्या मागे दोन वेगळे रोग, दोन वेगळ्या लसी आणि दोन फार वेगळ्या लढाया आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी दिसायला काय फरक ते सांगतो. देवीची लस वरच्यावर, कातडीतच दिली जायची. आपल्याकडे बरीच वर्षं दातेरी चकतीचं एक हत्यार वापरात होतं, हातावर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर ती चकती दाबायची आणि गरकन फिरवायची. आजी सांगते की देवी डॉक्टर आला की पोरं ज्वारीच्या कणग्यांमागे लपायची, आणि ते खरंच असणार कारण ते दुखायचं. नंतर दोन टोकं असलेली सुई आली, तिने पटापट १५ वेळा टोचायचे. लसीतला जिवंत विषाणू तिथेच वाढायचा, फोड यायचा, खपली धरायची, आणि साधारण तीन आठवड्यांनी ती पडली की खाली खोलगट, कडा वेड्यावाकड्या असलेला चट्टा उरायचा. बीसीजी एकाच जागी, बारीक सुईने, डाव्या दंडावर देतात, नवजात बाळाला फक्त ०.०५ मिली. दोन-तीन आठवड्यांनी गाठ येते, मग ती फुटते, वाहते, सुकते, परत वाहते असंही होतं, आणि तीन महिन्यांच्या आसपास लहानसा गोल वण राहतो. त्यावर हळद, पावडर, मलम काहीही लावायचं नाही, कोरडं आणि स्वच्छ ठेवायचं, बस. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम भरतच नसेल तर मात्र डॉक्टरला दाखवा.

गंमत म्हणजे दोन्ही लसींची सुरुवात गायीपासून आहे. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ ला दूध काढणाऱ्या बाईच्या हातावरच्या गोस्तन देवीच्या (गायीला होणारा, देवीसारखाच पण सौम्य रोग) फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. सहा वर्षांत ती लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा करत मुंबईत पोचली आणि १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, हिंदुस्थानातली पहिली. तेव्हा फ्रीज कुठला, एकाच्या हातावर फोड आला की त्यातला द्रव पुढच्याला, असं दंडावरून दंडावर करत लस पुढे गेली. त्या पोरीच्या दंडावरूनच लस पुण्याला आणि पुढे देशभर गेली, आणि तिचं नाव आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बीसीजीची गोष्ट त्यानंतरची. फ्रान्समध्ये काल्मेट आणि गेरां या दोघांनी गायीला होणाऱ्या क्षयाचा जंतू घेतला, पित्त घातलेल्या बटाट्यावर वाढवला, आणि १९०८ पासून १३ वर्षांत २३० वेळा परत परत वाढवून त्याची रोग करायची ताकद घालवली. १९२१ ला पहिल्यांदा बाळाला दिली. भारतात १९४८ पासून सुरू झाली.

आता मुख्य फरक. देवी जगातून गेली. भारतातली शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला सापडली, जगातला नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रुग्ण १९७७ ला सोमालियात, आणि ८ मे १९८० ला रोग संपल्याचं जाहीर झालं. हे जमलं कारण देवीचा विषाणू फक्त माणसातच राहायचा, आजारी माणूस चेहऱ्यावरून ओळखू यायचा, आणि रुग्णाचा संपर्क आल्यावर तीन-चार दिवसांत टोचलं तरी लस वाचवायची. म्हणजे रुग्ण शोधा, भोवतालच्या सगळ्यांना टोचा, साखळी तुटली. क्षयाचं तसं नाही, जंतू छातीत वर्षानुवर्षं गुपचूप बसतो, बाहेरून काही दिसत नाही. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगली वाचवते, आणि फक्त तेवढ्यासाठीसुद्धा ती प्रत्येक बाळाला मिळायलाच हवी. पण मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा धरता येत नाही. आपल्याच तामिळनाडूत चिंगलपेटला १९६८ पासून अडीच लाखांवर लोकांवर मोठी चाचणी झाली, त्यात हेच दिसलं.

म्हणूनच कोणती खूण कोणाची ते कळायला हवं. २०२२ ला मंकीपॉक्सच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर तिशीतल्या भावंडांनी लिहिलं होतं की आपल्याला काय भीती, हातावर देवीची खूण आहे ना. देवीच्या जुन्या लसीचा मंकीपॉक्सवर थोडाफार उपयोग होतो हे खरं, पण देवी काढणं १९८० पर्यंत बंद झालेलं, त्यामुळे त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर असते ती बीसीजी, तिचा तिथे काही संबंध नाही. उलट बाजूने, "मला बीसीजी झालीय, टीबी कसा होईल" म्हणत महिनोन् महिने खोकला अंगावर काढणारे लोक मी पाहिलेत. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला तर दंडाकडे बघू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, फुकट होते.

अजून एक, काही बाळांना बीसीजीची खूण उठतच नाही. म्हणून लस वाया गेली असं नसतं आणि परत टोचून घ्यायची गरज नसते, फक्त कार्डावर तारीख नीट लिहिलेली आहे ना ते बघा.

भाचीच्या बाळाची पुळी आता सुकलीय. हळदीची वाटी त्या दिवशी आजीनेच मावशीच्या हातातून काढून घेतली होती.