घरसुधारणा संशोधनातील आंतरविद्याशाखीय सहकार्य

घरसुधारणा संशोधनातील आंतरविद्याशाखीय सहकार्य : माणसे राहत असलेली जुनी घरे अधिक निरोगी, सुरक्षित आणि कमी ऊर्जेत चालणारी कशी करावीत, याचा अभ्यास अभियंते, वास्तुविशारद, भौतिकीतज्ज्ञ, डॉक्टर, समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि रहिवासी यांनी मिळून करण्याची पद्धत. निरनिराळ्या तज्ज्ञांचे अहवाल एकत्र बांधले म्हणजे सहकार्य झाले असे नाही. प्रश्न कोणता, मोजायचे काय आणि कोणत्या सुधारणेला यशस्वी म्हणायचे, हे कामाआधीच एकत्र बसून ठरवणे हा या पद्धतीचा गाभा आहे.

नवे घर कोऱ्या कागदावर आखता येते. जुन्या घरात मागाहून घातलेल्या भिंती असतात, कुठून कुठे गेल्या हे कोणालाच ठाऊक नसलेल्या नळवाहिन्या असतात, वर्षानुवर्षे मुरलेली ओल असते आणि आत बिऱ्हाड चालू असते. खिडकी कधी उघडायची, कोणती खोली बंद ठेवायची, हे तिथे राहणारा माणूस ठरवतो. त्यामुळे सुधारणेचा परिणाम केवळ सामग्रीच्या गुणधर्मांवरून सांगता येत नाही.

हे प्रथम ठळकपणे दिसले ते अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत. १९७०च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट सोकोलो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जोडघरांचा अनेक वर्षे अभ्यास केला. भौतिकीतज्ज्ञांच्या जोडीला संख्याशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ होते. एकाच नकाशाच्या घरांमध्ये उष्णतेसाठी लागणाऱ्या गॅसच्या वापरात दुपटीहून अधिक फरक आढळला, आणि कुटुंब बदलले की त्याच घराचा वापरही बदलत असे. म्हणजे कारण राहणाऱ्यांत होते. पण सगळेच त्यांच्या माथी मारणेही चूक ठरले असते: सामाईक भिंतीतील पोकळ्या आणि धुराड्याभोवतीच्या फटी यांतून गरम हवा थेट माळ्यावर जात होती, आणि तिथून वाया जाणारी उष्णता कागदावरच्या गणिताच्या कितीतरी पट भरली. अशा वाटा बुजवून आणि इतर दुरुस्त्या करून एका घराची उष्णतेची गरज दोन-तृतीयांशाने घटवण्यात आली. दुसरीकडे, रहिवाशांना त्यांच्या विजेच्या वापराचे आकडे वरचेवर दाखवल्यावर तो सुमारे १० टक्क्यांनी उतरला. हे दोन्ही शोध एकाच प्रकल्पात लागले, कारण दोन्ही प्रकारची माणसे एकाच घराकडे पाहत होती.

आरोग्याच्या अंगाने सर्वांत भक्कम काम न्यूझीलंडमध्ये झाले. फिलिपा हाउडन-चॅपमन यांच्या नेतृत्वाखालील चमूने ७ वस्त्यांतील १,३५० कुटुंबे निवडली. प्रत्येक घरात श्वसनाचा त्रास असलेली किमान एक व्यक्ती होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने निम्म्या घरांना उष्णतारोधक आवरण आधी, उरलेल्यांना अभ्यासानंतर देण्यात आले. कोणतेच घर कायमचे वंचित राहिले नाही, आणि वस्तीचा विश्वास टिकण्यासाठी ही अट तांत्रिक बाबींइतकीच मोलाची होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शयनगृहातील तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने वाढले. निव्वळ अभियंत्याला ही वाढ निराशाजनक वाटली असती. पण दमटपणा कमी झाला, ऊर्जेचा वापर घटला, छातीत घरघर होण्याच्या तक्रारी आणि शाळा-कामावरची गैरहजेरीही लक्षणीय घटली. पुढे खर्च-लाभाचा हिशेब मांडला तेव्हा बराचसा लाभ वीजबिलापेक्षा आरोग्याच्या खात्यात जमा झाला.

एकाच शाखेच्या नजरेने केलेली सुधारणा दुसरीकडे अपाय करू शकते. फटी बुजवल्या पण वायुवीजनाची सोय केली नाही, तर स्वयंपाकाची वाफ आतच राहते, थंड कोपऱ्यात पाणी सुटते आणि बुरशी धरते. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला नूतनीकरणात बाहेरून ज्वलनशील आच्छादन बसवले होते. १४ जून २०१७च्या आगीत ७२ जणांचे प्राण गेले. ऊर्जा, देखणेपणा, खर्च आणि अग्निसुरक्षा यांचा विचार वेगवेगळ्या टेबलांवर झाला तर त्याची किंमत रहिवासी मोजतात.

गणित आणि वास्तव यांतील दरीचा आणखी एक पैलू जर्मनीतील घरांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये पुढे आला. तिथली कुटुंबे मानकांनुसार अपेक्षित ऊर्जेपेक्षा सरासरी सुमारे ३० टक्के कमी ऊर्जा वापरत होती. जी ऊर्जा वापरलीच जात नाही, ती वाचणार कशी? नूतनीकरणाची परतफेड किती वर्षांत होईल याचे अंदाज त्यामुळे फसतात. लोक थंडी सोसून बिल आटोक्यात ठेवतात का, हे मीटर सांगत नाही. त्यासाठी घरात बसून बोलावे लागते.

सहकार्यातील अडचणी खऱ्या आहेत. ‘आराम’ म्हणजे अभियंत्याला तापमानाची कक्षा, तर रहिवाशाला ऊब, शांतता आणि खासगीपणा. प्रकल्पाचा निधी दोन-तीन वर्षांत संपतो, ओल त्यानंतर दिसू लागते. मुलाखती घेणाऱ्यांना अनेकदा शेवटी, निष्कर्षांना मानवी चेहरा देण्यापुरते बोलावले जाते; माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण तोवर मापनयंत्रे चुकीच्या खोलीत बसलेली असतात. ब्रिटनने २०१९ मध्ये आणलेल्या ‘पास २०३५’ या मानकाने या अनुभवातून एक व्यवहार्य धडा घेतला : घराची पाहणी, आराखडा, काम आणि नंतरचे मूल्यमापन या साऱ्यांवर लक्ष ठेवणारा एक समन्वयक नेमणे आवश्यक केले, आणि सुटे उपाय करण्याऐवजी संपूर्ण घराचा एकत्र विचार करण्यास सांगितले.