महासंगणक वेगळा, डेटा सेंटर वेगळं

दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी साइट लटकली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "पुण्यात एवढे महासंगणक आहेत, एखादा इकडे लावता येत नाही का?" प्रश्न वावगा नाही. पाषाणच्या हवामान संस्थेतला महासंगणक आणि ऐरोली-महाप्याकडचं एखादं डेटा सेंटर यांचे फोटो शेजारी ठेवले, तर जाणकारही क्षणभर चकेल. त्याच काळ्या रॅकच्या रांगा, तोच गारवा, पंख्यांचा तोच कान बधिर करणारा आवाज. आतले प्रोसेसरही बऱ्याचदा एकाच कंपनीचे. तरीही महासंगणक आणून लावला तर निकालाची साइट एका सेकंदानेही लवकर उघडणार नाही.

महासंगणकात हजारो यंत्रं मिळून एकच गणित सोडवतात. डेटा सेंटरमधली यंत्रं लाखो लोकांची, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली कामं उरकत असतात. पहिला दहीहंडीचा थर, दुसरं रेल्वेच्या तिकीटखिडक्या. केबलपासून जनरेटरपर्यंत बाकीचं बहुतेक सगळं यावरूनच ठरतं.

आधी थराकडे पाहू. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०२४ पासून 'अर्का' हा महासंगणक आहे. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स; एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर १५ शून्यं इतक्या आकडेमोडी. एवढी ताकद जाते कुठे? हवामानाच्या मॉडेलमध्ये पृथ्वीभोवतालची हवा चौकोनांत कापलेली असते आणि प्रत्येक यंत्राच्या, म्हणजे नोडच्या, वाट्याला काही चौकोन येतात. हवेचा दाब, तापमान, बाष्प, वारा यांचं काही मिनिटांपुढचं गणित केलं, की लगेच शेजारच्या नोडला काठावरचे आकडे द्यायचे आणि त्याचे घ्यायचे, कारण वारा चौकोनाच्या कडेला थांबत नाही. ही देवाणघेवाण एका अंदाजात हजारो वेळा होते, आणि एखादा नोड रेंगाळला की बाकीचे हात बांधून उभे.

पूर्वीचा १२ किलोमीटरचा चौकोन २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिम या हवामान अंदाजाच्या मॉडेलने ६ किलोमीटरवर आणला. ऐकायला निम्मं वाटतं. पण त्याच जमिनीवर चौकोन चौपट होतात, आणि चौकोन लहान झाला की वेळेचा टप्पाही साधारण निम्मा करावा लागतो, नाहीतर गणित बिघडून भलतेच आकडे येऊ लागतात. म्हणजे काम आठपट. हवामानवाले सतत मोठं यंत्र का मागतात, ते एवढ्यावरून कळतं.

या देवाणघेवाणीसाठी नोडांमध्ये इन्फिनिबँडसारखं खास जाळं असतं. त्यातून निरोप एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचतो. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर जायलाच सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. अर्धा महासंगणक पुण्यात आणि अर्धा मुंबईत ठेवला, तर १५० किलोमीटरांचा एकेरी प्रवास ७५० मायक्रोसेकंदांचा झाला, म्हणजे जवळपास पाचशेपट उशीर. म्हणून महासंगणक एका छपराखालीच लागतो. डेटा सेंटरवाले याच्या बरोबर उलट वागतात. दुसरी प्रत मुद्दाम लांबच्या शहरात ठेवायची, म्हणजे मुंबई पाण्याखाली गेली तरी हैदराबादमधून काम चालू.

आता निकालाकडे. विद्यार्थी बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकतो. ती विनंती आधी लोड बॅलन्सरकडे, म्हणजे कामं वाटून देणाऱ्या यंत्रणेकडे, जाते, तिथून मोकळ्या सर्व्हरकडे, आणि सर्व्हर डेटाबेसकडे एक ओळ मागतो. यात गणित असं काही नाहीच; आहे ती शोधाशोध आणि रांग. समजा डेटाबेसला एकाच वेळी २०० जोडण्या झेपतात आणि एक शोध २० मिलिसेकंदांत होतो. मग सेकंदाला फार तर १०,००० निकाल बाहेर पडतील. बैठक क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, करायची राहिली असेल, तर प्रत्येक शोधाला अख्खी यादी चाळावी लागते. २० चे २०० मिलिसेकंद झाले की १०,००० चे १,०००. इकडे १५ लाखांच्या आसपास मुलं, वर आईबाप, मामा, क्लासवाले. पान येईना म्हणून सगळे रिफ्रेश मारतात. पण तुम्ही सोडून दिलेली आधीची विनंती आत बहुतेक वेळा चालूच राहते, आणि कुणीही न वाचणारी उत्तरं शोधण्यात डेटाबेसचा दम निघतो.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. निकाल एकदा लागला की त्या दुपारी बदलत नाही. मग प्रत्येकाचं पान आधीच तयार करून ठेवायचं. पानाला ५ किलोबाइट धरले तर १५ लाख पानांचे झाले साडेसात गिगाबाइट, म्हणजे एका साध्या सर्व्हरच्या मेमरीत मावतील एवढे. तीच पानं देशभरच्या कॅश सर्व्हरांवर, म्हणजे तयार प्रती जवळ ठेवणाऱ्या यंत्रांवर, पसरायची. फाइलचं नाव तेवढं बैठक क्रमांक आणि आईचं नाव यांच्यापासून गुप्त चावी वापरून बनवलेल्या हॅशचं, म्हणजे अंदाज न येणाऱ्या सांकेतिक अक्षरांचं, ठेवायचं, नाहीतर कोणीही क्रमांक वाढवत वाढवत साऱ्या शाळेचे गुण उतरवून घेईल.

महासंगणकाला या गर्दीसमोर उभं राहताच येत नाही. त्याचं वेगवान जाळं आतल्या आत असतं, बाहेर इंटरनेटकडे दार छोटं. शिवाय तिथे काम रांगेत द्यावं लागतं. रांग सांभाळणाऱ्या स्लर्मसारख्या प्रोग्रॅमला सांगायचं, ४० नोड, चार तास. आणि मग नंबर लागेपर्यंत थांबायचं, कधी मिनिटभर, कधी दोन दिवस. चार तासांत काम पुरं झालं नाही तर ते अर्ध्यावर मारलं जातं. नवख्या संशोधकांचा पहिला धडा बहुधा हाच. यंत्र रिकामं बसलं की इथे पैसे वाया गेले असं मानतात. डेटा सेंटरवाला मात्र सकाळी दहाच्या तत्काळ तिकिटांच्या लोंढ्यासाठी काही सर्व्हर जाणूनबुजून मोकळे ठेवतो.

बिघाडातही तेच. एक नोड सरासरी पाच वर्षांतून एकदा बंद पडतो असं धरा. हजार नोडांत मग दर पावणेदोन-दोन दिवसांनी एक जाणारच, आणि थरातला एक सरकला की सगळे खाली. म्हणून मधून मधून मेमरीतली स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात. तिला चेकपॉइंट म्हणतात. फार उशिरा लिहिली तर तासन्‌तास वाया, फार वेळा लिहिली तर डिस्कच तुंबते. डेटा सेंटरमध्ये एक सर्व्हर मेला तर लोड बॅलन्सर त्याला वगळतो आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

विजेचंही थोडक्यात. टियर-३, म्हणजे चारपैकी तिसऱ्या, दर्जाच्या डेटा सेंटरकडून ९९.९८२ टक्के उपलब्धता अपेक्षित असते, म्हणजे वर्षाकाठी फार तर १.६ तास बंद. त्यासाठी यूपीएस, डिझेल जनरेटर, सगळा सरंजाम. संशोधनाच्या अनेक महासंगणकांत मात्र यूपीएस फक्त साठवणीला आणि लॉगिन यंत्रांना असतो. गणित करणारे नोड गेले तर गेले. चेकपॉइंटवरून पुन्हा सुरू.

एआयमुळे ही सीमा पुसट होऊ लागली आहे. मायक्रोसॉफ्टचं 'ईगल' हे क्लाउडमधलं यंत्र नोव्हेंबर २०२३ मध्ये जगातल्या महासंगणकांच्या टॉप-५०० यादीत तिसरं आलं. एआयचं मॉडेल घडवणं हा सरळसरळ थराचा प्रकार: मेटाने लामा ३ चं सर्वांत मोठं मॉडेल १६,३८४ जीपीयूंवर, म्हणजे एआयची आकडेमोड करणाऱ्या चिपांवर, घडवलं, तेव्हा ५४ दिवसांत काम ४६६ वेळा थांबलं, म्हणजे दर पावणेतीन तासांनी एकदा. तयार झालेलं मॉडेल उत्तरं देऊ लागलं, की परत तिकीटखिडक्या. एक जीपीयू बसला तर पुढचा प्रश्न शेजारच्या खिडकीवर.