चप्पल नेमकी कुठं वाकते?

बेळगावच्या खडेबाजारात चप्पल घेताना आपण सगळे अंगठ्यानं तळ दाबून बघतो. अंगठा रुतला की खूश. माझ्या आत्यानं अशीच लोण्यासारखी मऊ चप्पल घेतली आणि रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जायला लागली. महिनाभरात अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ यायला लागली. चार पावलं चालली की कमी. "चप्पल तर मऊ हाय की!" म्हणून ती वैतागायची.

दोष एकट्या चपलेचा नव्हे. वय, वजन आणि ओट्याशी तासन्‌तास उभं राहणंही त्यात येतं. पण मऊ म्हणजे आधार देणारी, हा समज मात्र चुकीचा.

पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा ताणलेला असतो. चालताना टाच उचलली की बोटं मागं वळतात आणि रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा त्यांच्या मुळाशी ताणला जातो. पावलाची कमान वर उचलली जाते, सैल पाऊल ताठ होतं आणि आपल्याला पुढं ढकलतं. ही यंत्रणा हिक्स या संशोधकांनी १९५४ साली मांडली. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पोटरी आणि पट्टा आखडतात. सकाळच्या पहिल्या पावलाला ते एकदम ताणले जातात. आत्याची कळ ती हीच.

म्हणून चप्पल वाकावी ती बोटांच्या मुळाशी, जिथं पाऊल वाकतं तिथंच. दोन्ही टोकं धरून दाबा. भाकरीसारखी मधोमध दुमडली तर परत ठेवा. ओल्या कापडासारखी पिळता आली तरी तेच. बुटाची टाच मागून दाबली तर ती चेपता कामा नये.

मग आमच्या अथणी-निपाणीकडचं कोल्हापुरी पायताण? २०१९ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं ते कातडं हळूहळू पायाचा आकार घेतं. पण तळ सपाट, टाचेला पकड नाही. लग्नाला मी तेच घालतो. पाच किलोमीटर फिरायला नाही.

परड्यात काम करताना मात्र पाय झाकलेला हवा. पावसाळ्यात खानापूरकडच्या तांबड्या चिखलात स्लीपर घसरते, आणि खुरपं, काटा, घोणस यांपुढं तिचा काही उपयोग नाही. खोल खाचांचे गमबूट घ्या. ते आतून ओले राहिले तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, हेही खरं.

मधुमेहानं पायाची जाणीव गेलेल्यांचं सगळंच वेगळं. त्यांना खडा टोचलेला कळतच नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम केलं, त्या परंपरेतली मायक्रोसेल्युलर रबराची एमसीआर चप्पल आज मधुमेहींनाही देतात. इथं मऊपणा खरंच कामाचा, कारण दाब एकाच जागी साचत नाही. पाय घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा, रोज.

आत्या आता संध्याकाळी दुकानात जाते, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. दोन्हींतल्या मोठ्या पावलाच्या मापानं, पुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवून घेते. त्याआधी प्रत्येक जोड वाकवते, पिळते.

"मावशी, मोडशीला की!" दुकानदार ओरडतो.