पहाटेची पोटदुखी आणि मण्यार

पावसाळ्यात पहाटे तीन-चारच्या सुमारास धडधाकट माणूस पोट धरून उठतो. एखाद-दुसरी उलटी होते, घसा दुखतो. रात्री काय खाल्लं याची चौकशी होते, कुणी ओवा चावायला देतं, कुणी जवळच्या दवाखान्यात नेऊन पित्ताचं इंजेक्शन घेऊन येतं. साप कुणी पाहिलेला नसतो, अंगावर खूण नसते, त्यामुळे मण्यार हा विषारी साप चावला असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. अशा वेळी डॉक्टरने एक प्रश्न विचारायलाच हवा: रात्री जमिनीवर झोपला होतात का?

घोणस चावली तर पाय सुजतो, ठणकतो. फुरसं चावलं तर रक्त गोठत नाही. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचे दात इतके बारीक असतात की अनेकांना जागही येत नाही. चावल्या जागी सूज नाही, वेदना नाही; दाताची खूण भिंगाने शोधूनही सापडेलच असं नाही. महाडच्या बावस्कर डॉक्टर दांपत्याने ग्रामीण महाराष्ट्रातल्या अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून मांडल्या आहेत.

पोटदुखीनंतर बघायच्या त्या पापण्या. त्या जड होऊन खाली येऊ लागतात. लहान मूल असेल तर घरचे म्हणतात, झोप पुरी झाली नाही. पण झोपाळलेलं मूल हाक मारल्यावर डोळे उघडतं; इथे मूल जागं असतं, बोलतं, तरी पापणी उचलत नाही. रुग्णाला थोडा वेळ वर छताकडे बघत राहायला सांगावं, उशीवरून मान उचलायला लावावी, एका श्वासात आकडे मोजायला सांगावेत. मघाशी वीसपर्यंत मोजणारा आता दहालाच थांबला, तर विष छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचतंय. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, आणि म्हणूनच ही तपासणी राहून गेल्याचं जास्त वाईट वाटतं.

सर्पदंशात रक्त काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटं ठेवून ते गोठतं का, हे पाहतात. घोणस आणि फुरसं ओळखायला ही चाचणी फार उपयोगी आहे. मण्यारीच्या दंशात मात्र रक्त नीट गोठतं. तेवढ्यावर ‘विषबाधा नाही’ म्हणून घरी पाठवलेला रुग्ण काही तासांनी श्वास बंद पडून दगावू शकतो. संशय असेल तर 24 तास नजरेखाली ठेवायलाच हवं.

इतकी घाई कशासाठी, तर या विषाच्या कामाच्या रीतीमुळे. मेंदूचा निरोप चेतातंतूच्या टोकाशी आला की तिथल्या सूक्ष्म पिशव्यांतून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि स्नायू आकसतो. मण्यारीच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन ही टोकंच निकामी करतं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं. मोडलेली टोकं ते दुरुस्त करू शकत नाही. ती शरीरालाच नव्याने घडवावी लागतात आणि त्याला दिवस लागतात. म्हणून पापणी पडताच प्रतिविष सुरू व्हावं. लहान मुलालाही मोठ्यांइतकाच डोस लागतो, कारण सापाने सोडलेलं विष काही मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही.

रुग्णालयात नेताना तोंडाने पाणी, काढा, दूध काही देऊ नये. गिळण्याचे स्नायू लुळे पडत असतील तर ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर झोपवून न्यावं. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यात शेतावर राबणारी आणि जमिनीवर झोपणारी माणसं मोठ्या संख्येने आहेत. अंथरुणाखाली कडा नीट खोचलेली मच्छरदाणी या सापापासून चांगलं संरक्षण देते.

श्वास थांबला तरी आशा सोडायची नसते. पूर्ण लुळा पडलेला रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बुबुळांवर उजेड टाकला तरी बाहुल्या आकसत नाहीत, आणि मेंदू मृत झाल्याचा समज होतो. आत तो शुद्धीवर असू शकतो, आजूबाजूचं बोलणं ऐकत असू शकतो. कृत्रिम श्वास चालू ठेवला तर काही दिवसांनी आधी बोटं, मान, पापण्या अशी थोडी थोडी हालचाल परत येते, आणि वेळेवर श्वास मिळालेले बहुतेक जण पूर्ण बरे होऊन घरी जातात.