भालाफेकीच्या विक्रमांची पार्श्वभूमी : 1986चा नवा भाला आणि 1991ची रद्द पाने

मे 2025मध्ये दोहा येथे भारताच्या ऑलिंपिक विजेत्याने 90.23 मीटर भाला फेकला. त्याला 2018मध्ये प्रशिक्षण देणाऱ्या जर्मन प्रशिक्षकाने स्वतः 20 जुलै 1984 रोजी पूर्व बर्लिनमध्ये 104.80 मीटरची फेक केली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे मात्र चुकीचे आहे, कारण मधल्या काळात भालाच बदलला.

1986पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य (भाल्याचा तोल साधणारा बिंदू) टोकाच्या दिशेने 4 सेंटिमीटर सरकवण्यात आला. वजन 800 ग्रॅमच राहिले, पण भाला हवेत पूर्वीसारखा तरंगेनासा झाला आणि त्याचे टोक लवकर खाली झुकू लागले. एवढ्या लांब फेकींना मैदान अपुरे पडू लागल्याने प्रेक्षक व इतर खेळाडूंची सुरक्षितता हे याचे कारण सर्रास सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. जुना भाला पुष्कळदा आडवाच जमिनीवर येई. टोक आधी टेकले तरच फेक वैध ठरते, त्यामुळे टोक आधी टेकले की मधला भाग, हे पंचांना क्षणार्धात ठरवावे लागे आणि त्यावरून वाद होत. महिलांचा विक्रम 1988पासून 80.00 मीटरवर होता, म्हणजे मैदान अपुरे पडण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही 1999मध्ये त्यांचा भाला बदलण्यात आला. आडव्या फेकींचे कारण किती वजनदार होते, हे यावरून दिसते.

खरा वादग्रस्त निर्णय त्यानंतरचा आहे. 1976च्या ऑलिंपिकमधील हंगेरियन विजेत्याने शेपटीकडचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेले भाले बनवले आणि कमी झालेले अंतर पुन्हा वाढू लागले. जून 1991मध्ये फिनलंडच्या खेळाडूने अशाच भाल्याने 96.96 मीटरची फेक केली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघटनेने या भाल्यांवर बंदी घातली आणि त्यांनी झालेले विक्रम मागील तारखेपासून पुसून टाकले. विश्वविक्रम 96.96वरून थेट 1990मधील 89.58 मीटरवर आला. ती फेक ब्रिटिश खेळाडूची होती, आणि त्याची स्वतःची त्यानंतरची 90.98 मीटरची फेकही रद्द झालेल्यांत होती.

बंदी योग्यच होती, कारण असे भाले चालू राहिले असते तर 1986च्या बदलाला अर्थच उरला नसता. पण हे विक्रम झाले तेव्हा तो भाला नियमांत बसत होता. खेळाडूंनी काही लपवले नव्हते. 1986मध्ये जुने विक्रम बंद करून नवी नोंदवही उघडण्यात आली होती, जुन्या फेकी खोट्या ठरवण्यात आल्या नव्हत्या. तोच न्याय 1991मध्ये लावता आला असता. पुढे मे 1996मध्ये येना येथे चेक खेळाडूने नियमांत बसणाऱ्या भाल्याने 98.48 मीटरचा विक्रम केला. तो आजही अबाधित आहे, 96.96 मीटरला मात्र विश्वविक्रमांच्या अधिकृत मालिकेत स्थान नाही.