मत्स्यटाकीत इपॉक्सी वापरताना

थर्मोकोल कोरून केलेल्या कृत्रिम खडकावर इपॉक्सी रेझिनचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर वाळू भुरभुरायची, ही घरची मत्स्यटाकी सजवण्याची जुनी आणि चांगली युक्ती आहे. मात्र इपॉक्सी रंगासारखे ‘वाळते’ असे समजून काम केले, तर ती माशांच्या जिवावर बेतू शकते. रंग वाळतो तो त्यातला द्रावक उडून गेल्यामुळे. इपॉक्सीत मात्र रेझिन आणि हार्डनर (ते घट्ट करणारा दुसरा द्रव) ठरावीक प्रमाणात मिसळले की रासायनिक अभिक्रिया घडते: बहुतेक हार्डनरमध्ये असणारे अमाइन या नायट्रोजनयुक्त रसायनाचे रेणू रेझिनच्या रेणूंना जोडले जातात आणि सर्व दिशांनी बांधलेले एक जाळे तयार होते. जाळ्यात अडकलेला रेणू पाण्यात सहसा उतरत नाही. मोकळा राहिलेला उतरू शकतो, आणि मोकळे अमाइन जलचरांना घातक असते.

लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या जास्तीच्या अमाइनला जोडीदारच उरत नाही. प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हेही पाहावे, कारण दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते. ढवळताना पेल्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्यावेत. तिथे न मिसळलेला अंश राहिला, तर थरावर चिकट डाग पडतो आणि तो महिन्याभरानेही चिकटच राहतो.

थर हाताला कडक लागला, तरी आतली अभिक्रिया पूर्ण झालेली असतेच असे नाही. साधारण २५ अंश सेल्सिअसला अनेक इपॉक्सींना सुमारे ७ दिवस लागतात, थंडीत त्याहून जास्त. दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट साय धरते; हार्डनर, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प यांतून ती बनते, आणि कोमट पाण्याने घासून काढता येते. त्यानंतर वस्तू बादलीत भिजवून पाणी दोन-चारदा बदलावे, मगच ती टाकीत जावी.

प्रवाळाचे तुकडे बसवण्यासाठी मिळणारी इपॉक्सीची पुट्टी पाण्याखालीही घट्ट होते. तिच्या दोन घटकांच्या वेगवेगळ्या रंगांच्या रेषा पूर्ण नाहीशा होईपर्यंत ती हातमोजे घालून मळावी. ती लावल्यावर पाणी किंचित गढुळते आणि प्रोटीन स्किमर (पाण्यातली सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा यंत्रभाग) काही काळ वेड्यासारखा फेस काढू लागतो, म्हणून एका वेळी थोडीच वापरावी. काचेच्या सांध्यांना मात्र इपॉक्सी लावू नये. पाण्याच्या दाबाने काच किंचित वाकते, आणि ते वाकणे सिलिकॉन सोसते, कडक इपॉक्सी सोसत नाही.